पाण्याखालच्या जमिनीचा सातबारा

पालघर-वसईच्या किनाऱ्यावर कव म्हणजे काय, हे लहान पोरालाही सांगावे लागत नाही. समुद्राच्या तळात लांब खुंट रोवायचे, त्यांना डोलजाळे बांधायचे आणि भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर जे बोंबील, करंदी, जवळा आत शिरेल ते पदरात घ्यायचे. खुंट रोवलेली ती जागा म्हणजे कव. कोणती कव कुठल्या घराची हे गावाला तोंडपाठ असते. बापामागून ती मुलाकडे येते. कवींच्या हद्दीवरून सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार आणि वसई-उत्तनकडचे मच्छीमार यांच्यात कित्येक वर्षे वाद आहे. बैठका होतात, मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी मध्ये पडतात, आणि पुढच्या हंगामात वाद पुन्हा उभा राहतो. बांधावरून दोन भाऊ भांडतात, तसेच हे भांडण. पण शेतकऱ्याला तलाठ्याकडे जाऊन सातबारा तरी काढता येतो. कवीला सातबारा नाही.

कारण कायद्याने ती जमीन मच्छीमाराची नाही, गावाची नाही आणि महाराष्ट्राचीही नाही. संविधानाचा अनुच्छेद 297 सांगतो, की प्रादेशिक समुद्राच्या पाण्याखालची सगळी जमीन, खनिजे आणि इतर मौल्यवान वस्तू केंद्राच्या ठायी निहित असतील आणि केंद्राच्या प्रयोजनांसाठी धारण केल्या जातील. 1976 च्या कायद्याने हा प्रादेशिक समुद्र 12 सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरचा. शाळेत पाठ केलेला 720 किलोमीटरचा किनारा धरून साधा गुणाकार केला, तरी महाराष्ट्रासमोरची ही जमीन 16,000 चौरस किलोमीटरच्या घरात जाते. म्हणजे जवळजवळ आख्खा पुणे जिल्हा. या जिल्ह्याएवढ्या जमिनीखाली काय खणायचे, कोणाला द्यायचे आणि पैसा कुठे जायचा हे ठरवताना राज्य मालक म्हणून टेबलाशी बसत नाही. पाण्यातली मासळी मात्र सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्याचा विषय. मासा राज्याचा, आणि तो ज्या वाळूत अंडी घालतो ती वाळू दिल्लीची.

किनाऱ्यालगतच्या 12 सागरी मैलांतली ही जमीन किनारी राज्यांना द्यावी, असे माझे मत आहे. ती बिनशर्त देऊ नये, असेही माझे तितकेच ठाम मत आहे. या दोन्ही मतांना आधार आहे तो एका परक्या देशाच्या अनुभवाचा, म्हणून आधी तिकडे जाऊ.

अमेरिकेत शंभर वर्षे या बाबतीत कोणाला फारशी शंकाच नव्हती. 1845 साली अलाबामातल्या एका खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नावा चालतील अशा पाण्याखालची जमीन राज्याची आणि नव्याने सामील होणाऱ्या राज्यालाही ती जुन्या राज्यांच्या बरोबरीने मिळते. तो निकाल खाड्या आणि नद्यांपुरता होता, पण किनाऱ्यापासूनचे तीन मैलही राज्याचेच असे सगळ्यांनी धरून चालले. 1890 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या समरलँड गावी लोकांनी समुद्रात लाकडी धक्के बांधले आणि त्या धक्क्यांवरून तेलाच्या विहिरी खोदल्या. पुढे राज्य भाडेपट्टे देऊ लागले, स्वामित्वधन (रॉयल्टी) घेऊ लागले. 1933 साली केंद्रीय मंत्री हॅरॉल्ड इकीस यांनी एका अर्जदाराला लेखी कळवले, की ही जमीन राज्याची असल्याने केंद्र इथे पट्टा देऊ शकत नाही. चारएक वर्षांत त्यांचे मत बदलले. दरम्यान बदलले होते ते तेलाचे मोल.

28 सप्टेंबर 1945 रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी जाहीरनामा काढला, की अमेरिकेच्या किनाऱ्याला लागून असलेल्या सागरमग्न खंडभूमीतली, म्हणजे किनाऱ्यापासून पाण्याखाली पुढे पसरलेल्या उथळ तळातली, नैसर्गिक संपत्ती अमेरिकेच्या अखत्यारीत आहे. जगातल्या समुद्री कायद्याला वळण देणारा हा कागद. पण देशाच्या आतला प्रश्न त्याने सोडवला नाही: अमेरिका म्हणजे कोण, वॉशिंग्टन की कॅलिफोर्निया? 23 जून 1947 रोजी न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले, की वॉशिंग्टन. समुद्राचे रक्षण राष्ट्र करते, परराष्ट्रांशी तंटा राष्ट्र निस्तरते, म्हणून त्या पट्ट्यावर सर्वोपरी हक्क राष्ट्राचाच. केंद्र त्या जमिनीचे मालक आहे, असा शब्द मात्र न्यायालयाने वापरायचे टाळले. कॅलिफोर्निया मालक नाही आणि केंद्राला सर्वोपरी हक्क आहे, एवढ्यावरच ते थांबले. ज्या जमिनीला मालकच सांगता येत नाही तिच्यावर राज्यांनी बांधलेले धक्के, भराव, बंदरे यांचे काय, या धास्तीने तेल नसलेली राज्येही हादरली.

सगळ्यात विलक्षण गोष्ट टेक्ससची. टेक्सस 1836 ते 1845 स्वतंत्र प्रजासत्ताक होते. त्यांच्या संसदेने 1836 सालीच कायदा करून आपली सागरी हद्द तीन लीग, म्हणजे सुमारे नऊ सागरी मैल, ठरवली होती. ही लीग स्पॅनिश काळापासून चालत आलेली. अमेरिकेत सामील होताना टेक्ससने आपले कर्ज स्वतःकडे ठेवले आणि आपली सरकारी जमीनही स्वतःकडे ठेवली. म्हणून त्यांना वाटले की कॅलिफोर्नियाचे गणित आपल्याला लागू नाही. 1950 साली न्यायालयाने म्हटले, की सगळी राज्ये समान पायावर सामील होतात, आणि समान पायावर येताना टेक्ससने स्वतंत्र देश म्हणून असलेला समुद्रावरचा हक्क सोडला. जे समानतेचे तत्त्व 1845 साली राज्यांना जमीन देऊन गेले, त्याच तत्त्वाने 1950 साली टेक्ससकडून ती काढून घेतली. हा निकाल वाचताना मला दरवेळी वाटते, की असे प्रश्न कायद्याच्या तर्काने सुटत नाहीत. तर्क दोन्हीकडे चालतो. निर्णय शेवटी राजकारणानेच करावा लागतो, आणि तो उघडपणे करावा हेच बरे.

अमेरिकेत तो तसाच झाला. काँग्रेसने राज्यांना जमीन देणारी विधेयके मंजूर केली, ट्रुमन यांनी 1946 आणि 1952 असा दोनदा नकाराधिकार वापरला. 1952 च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार आयझेनहॉवर यांनी राज्यांची बाजू घेतली. टेक्ससचे डेमोक्रॅट गव्हर्नर ॲलन शिव्हर्स यांनी स्वतःच्या पक्षाचा उमेदवार सोडून आयझेनहॉवर यांना पाठिंबा दिला. कारण तोच, समुद्राखालची जमीन. पायउतार व्हायच्या चार दिवस आधी ट्रुमन यांनी तो सगळा सागरतळ नौदलाचा तेलसाठा म्हणून जाहीर केला, पण उशीर झाला होता. 22 मे 1953 रोजी आयझेनहॉवर यांनी जलमग्न भूमी कायद्यावर सही केली. तीन मैलांपर्यंतची जमीन राज्यांना मिळाली, आणि ज्यांना इतिहासाच्या बळावर जास्त हद्द सिद्ध करता येईल त्यांना मेक्सिकोच्या आखातात तीन लीगपर्यंत. त्याच ऑगस्टमध्ये दुसरा कायदा करून त्यापलीकडचा सगळा तळ केंद्राकडे ठेवला. 1960 साली न्यायालयाने टेक्सस आणि फ्लोरिडाला तीन लीग दिल्या. लुइझियाना, मिसिसिपी आणि अलाबामा तीन मैलांवर राहिले. एकाच आखाताच्या काठावरच्या शेजाऱ्यांना तिप्पट फरकाची हद्द! लुइझियानात या अन्यायाची बोच अजून आहे.

आता खरा मुद्दा. या कायद्याला विरोध करणारे लोक वाईट नव्हते. उलट त्यांची बाजू मला आजही ओढून घेते. सिनेटर वेन मोर्स यांनी या विधेयकाविरुद्ध सलग 22 तास 26 मिनिटे भाषण केले. सिनेटर लिस्टर हिल यांची सूचना होती, की समुद्रातल्या तेलाचा पैसा केंद्राकडेच ठेवा आणि सगळ्या राज्यांतल्या मुलांच्या शिक्षणाला द्या. हिल हे अलाबामाचे, म्हणजे किनारी राज्याचेच. समुद्र हा देशाचा, तर डोंगरातल्या खेड्यातल्या पोरालाही त्यातला वाटा का मिळू नये? हा प्रश्न आपल्याकडे आणला तर तो असा होतो: गडचिरोलीच्या आणि बीडच्या मुलाचा अरबी समुद्रावर हक्क नाही काय?

हक्क आहे. पण मग गडचिरोलीच्या लोखंडावर रत्नागिरीच्या मुलाचा हक्क आहे काय? सुरजागडचे लोखंड, चंद्रपूरचा कोळसा, झारखंडचे अभ्रक, छत्तीसगडचे बॉक्साइट यांचे स्वामित्वधन त्या त्या राज्याच्या तिजोरीत जाते, आणि ते योग्यच आहे. खाणीची धूळ ज्यांच्या छातीत जाते, पैशाचा पहिला वाटा त्यांच्याकडे यावा. इतकेच नव्हे, 2015 पासून खाणबाधित जिल्ह्यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, खाणीच्या गावांसाठी वेगळा पैसा आहे. जमिनीवर हा न्याय आपण मान्य केला. 2024 साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्याही पुढे जाऊन राज्यांना खनिजहक्कांवर कर लावण्याचा अधिकार आहे, असे बहुमताने सांगितले. पण भरतीच्या रेषेपलीकडे पाऊल टाकले की हा सगळा न्याय पाण्यात बुडतो. समुद्रातल्या तेलाचे आणि खनिजांचे स्वामित्वधन केंद्राकडे जाते. आणि स्वामित्वधन हा कर नसल्यामुळे वित्त आयोगाच्या वाटपातही ते येत नाही. म्हणजे हिल यांच्या स्वप्नाप्रमाणे ते बीडच्या पोरापर्यंत ठरलेल्या वाट्याने पोचते, असेही नाही. ते केंद्राच्या तिजोरीत मिसळून जाते.

आपल्याकडे हे असे का झाले? अनुच्छेद 297 चा मसुदा 1949 साली घटना समितीसमोर आला तेव्हा संस्थाने नुकतीच सामील होत होती. किनाऱ्यावरची संस्थाने उद्या समुद्राखालच्या संपत्तीवर हक्क सांगतील ही भीती खरी होती. त्रावणकोरने 1947 साली स्वतंत्र राहण्याची भाषा केली होती, आणि त्यांच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइटच्या वाळूत थोरियम होते. त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी आणि घटना समितीने जे केले ते मला चुकीचे वाटत नाही. नव्या देशाला एकसंध करायचे होते. पण त्या भीतीची आज काय स्थिती आहे? संस्थाने गेली. राज्ये भाषावार झाली. कोणतेही किनारी राज्य देशातून फुटून समुद्र घेऊन जाणार नाही. भीती संपली, तरी तिच्यापोटी लिहिलेले कलम तसेच राहिले. नुसते राहिले नाही, वाढले. 1963 च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने त्यात खंडभूमी आली, 1976 च्या चाळिसाव्या दुरुस्तीने 200 मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र आले. त्याच 1976 च्या मे महिन्यात मुंबई हायचे तेल वाहू लागले.

मुंबई हायबद्दल स्पष्ट बोलायला हवे, नाहीतर हा लेख तेलाच्या लोभाने लिहिला असे वाटेल. 1974 साली सागर सम्राट या तरत्या मनोऱ्यावरून जिथे तेल लागले ती जागा मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर आहे. मी सांगतो तशी 12 सागरी मैलांची जमीन राज्याला मिळाली, तरी मुंबई हायचा एक थेंबही महाराष्ट्राचा होणार नाही. टेक्ससलाही नऊ मैलांपलीकडचे मिळाले नाही. पण त्या तेलाची आणि वायूची नळवाहिनी उरणला येते. ज्योत उरणला जळते, प्रकल्पाची जमीन उरणची, धोका उरणचा. 2010 च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी चित्रा आणि खलिजा ही जहाजे धडकली, तेव्हा तेलाचा तवंग रायगडच्या खाजणांत आणि तिवरांत शिरला आणि मासळीबाजारातले गिऱ्हाईक दिवसेंदिवस फिरकले नाही. जहाजवाहतूक केंद्राचा विषय आहे. टोपलीतली मासळी सडली ती कोळणीची.

सांता बार्बराची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण माझे मत तिच्यामुळे पक्के झाले. सांता बार्बराच्या लोकांना आपल्या किनाऱ्यासमोर तेलविहिरी नको होत्या. 1955 साली कॅलिफोर्नियाने आपल्या तीन मैलांच्या पट्ट्यात त्या गावासमोर खोदकामाला मनाई केली. पण चौथ्या मैलापासून समुद्र वॉशिंग्टनचा. 1968 च्या फेब्रुवारीत केंद्राने तिथले पट्टे सुमारे 60 कोटी डॉलरला विकले. 28 जानेवारी 1969 रोजी त्यातल्या एका मनोऱ्याची विहीर फुटली. विहिरीला संरक्षक नळी किती खोल घालायची याच्या नियमात केंद्रीय अधिकाऱ्यांनीच कंपनीला सूट दिली होती. तेल आले ते सांता बार्बराच्याच वाळूवर. त्या गावासमोरच्या राज्याच्या मैलांत तर खोदकामाला मनाईच होती. या दुर्घटनेनंतर कॅलिफोर्नियाने आपल्या पाण्यात नवे पट्टे देणे थांबवले, आणि 1994 साली तसा कायदाच केला. राज्याच्या हातात जमीन असल्याचा पहिला फायदा मला इथे दिसतो, आणि तो पैशाचा नाही. मालकाला ‘नाही’ म्हणता येते.

पण तीन मैलांचा मालक चौथ्या मैलाला काय म्हणणार? अमेरिकेने त्यावरही एक वाट काढली. 1972 च्या किनारी क्षेत्र कायद्याने राज्याला हक्क दिला, की केंद्राचे काम राज्याच्या मंजूर किनारा आराखड्याशी सुसंगत आहे का हे तपासावे. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने तेलपट्ट्यांची विक्री यातून वगळली. 1990 साली काँग्रेसने कायदा दुरुस्त करून ती पळवाट बुजवली. पैशाचेही तसेच. राज्याच्या हद्दीला लागून असलेल्या पहिल्या तीन मैलांतल्या केंद्रीय उत्पन्नाचा 27 टक्के वाटा राज्याला मिळतो, आणि 2006 च्या कायद्याने आखातातल्या काही क्षेत्रांच्या उत्पन्नाचा 37.5 टक्के वाटा चार राज्यांना मिळतो. म्हणजे मालकी एका रेषेवर थांबते, पण बोलण्याचा हक्क आणि वाटा त्या रेषेपलीकडेही जातो. आपल्याकडे नुसती रेषा सरकवून भागणार नाही. हा दुसरा भाग त्याहून महत्त्वाचा आहे.

कारण केरळमध्ये काय झाले ते पाहा. 2002 च्या सागरी खनिज कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली आणि लिलावाची वाट मोकळी झाली. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने पहिल्यांदा 13 क्षेत्रे लिलावाला काढली: गुजरातसमोर चुन्याचा गाळ, ग्रेट निकोबारच्या भागात बहुधात्विक गोटे आणि केरळात कोल्लमसमोर बांधकामाची वाळू. कोल्लमचा तो समुद्र मासळीने भरलेला. 2025 च्या फेब्रुवारीत केरळच्या किनाऱ्यावर मच्छीमारांनी संप केला, आणि मार्चमध्ये केरळच्या विधानसभेने एकमताने ठराव करून विरोध नोंदवला. डावे आणि काँग्रेसवाले एका ओळीत उभे राहिले, हे केरळात रोज घडत नाही. पण ठराव म्हणजे विनंतीच. मालक दुसरा असल्यावर विधानसभा ठरावापलीकडे काय करणार? रत्नागिरीच्या लोकांनी हे वाचून ठेवावे. काळबादेवी आणि मिऱ्याच्या उपसागरांत, किनाऱ्याच्या अगदी जवळ, इल्मेनाइट या खनिजाची काळी वाळू आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून ठेवला आहे.

आंग्रे बँकेचेही असेच. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या पुढे, खोल समुद्रातून वर आलेले ते बुडालेले पठार. वर प्रवाळ, भोवती मासे. नाव कान्होजी आंग्रे यांचे. ज्यांच्या दस्तकाशिवाय या किनाऱ्यावर जहाज हाकणे इंग्रजांनाही जड जाई, त्यांच्या नावाच्या या प्रवाळाला राज्याचे वनखाते अभयारण्य करू शकत नाही, कारण ते राज्याच्या हद्दीबाहेर आहे. मालवणला 1987 साली राज्याने सागरी अभयारण्य केले, ते किनाऱ्याला खेटून होते म्हणून. आंग्रे बँकेसाठी 2020 साली महाराष्ट्राने 1976 च्या कायद्याखाली केंद्राकडे संरक्षित क्षेत्राचा प्रस्ताव मांडायचे ठरवले. इथे राज्याला खणायचे नाही, पैसे नको आहेत, फक्त राखायचे आहे. त्यालाही दिल्लीचा दरवाजा ठोठवावा लागतो.

आता माझ्याच मताविरुद्ध बोलतो, कारण हा आक्षेप सगळ्यात जड आहे. राज्ये तरी कुठे भली आहेत? ज्यांनी नद्यांची वाळू राखली नाही, ज्यांच्या डोळ्यांदेखत ठाण्या-रायगडच्या खाड्यांत सक्शन पंप लागले, त्यांच्या हाती 16,000 चौरस किलोमीटरचा तळ द्यायचा? लुइझियानाचा दाखला तर डोळ्यांत पाणी आणतो. तीन मैल राज्याचे, तेलाचा पैसा राज्याला, आणि 1932 पासून त्या राज्याची सुमारे 4,800 चौरस किलोमीटर किनारी जमीन पाण्यात गेली. त्यात मिसिसिपीच्या बांधांचा हात आहे, जमीन खचण्याचा आहे, पण तेलकंपन्यांनी पाणथळीत खणलेल्या कालव्यांचाही आहे, आणि ते राज्याने खणू दिले. आपल्याकडे वाढवणचे बंदर पाहा. 76,000 कोटींहून मोठा प्रकल्प, समुद्रात 1,400 हेक्टरहून जास्त भराव, आणि त्यात महाराष्ट्र सागरी मंडळाचा 26 टक्के भाग आहे. डहाणूच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला, तो दिल्लीला जसा ऐकू आला नाही तसा मुंबईलाही आला नाही. जमीन राज्याची असती तर वाढवण थांबले असते, असे मी म्हणणार नाही. ते खोटे होईल.

या आक्षेपाचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, अर्धे आहे. डहाणूचा मच्छीमार मुंबईला मोर्चा नेऊ शकतो. तो आमदार पाडू शकतो. पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबईचे कोळीवाडे मिळून विधानसभेत एक आवाज होतो. 543 खासदारांच्या सभागृहात तो विरून जातो. जवळचा मालक चांगला असतोच असे नाही, पण त्याला गाठता येते. उरलेले अर्धे उत्तर कायद्यात लिहून घ्यावे लागेल, आणि म्हणूनच मी अटी मागतो.

जमीन राज्याला द्यायची ती विश्वस्त म्हणून, विकायला नव्हे. 2010 च्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या नैसर्गिक वायूच्या खटल्याच्या निकालात न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी यांनी अनुच्छेद 297 खालची संपत्ती लोकांची आहे आणि सरकार तिचे विश्वस्त आहे असे म्हटले होते. ते तत्त्व राज्यालाही तितकेच बांधील राहील असे कलमातच लिहावे. नौकानयन, संरक्षण, परराष्ट्रसंबंध आणि किनारा सुरक्षा हे केंद्राकडेच राहावे. 26 नोव्हेंबर 2008 ला बोटीतून आलेले मारेकरी ज्या शहराने पाहिले, त्या शहराच्या राज्याला यावर वाद घालायचे कारण नाही. अमेरिकेच्या 1953 च्या कायद्यानेही हे सगळे केंद्राकडेच ठेवले, आणि सत्तर वर्षांत अमेरिकी नौदल दुबळे झालेले दिसत नाही. खनिजाचा पट्टा देण्याआधी तिथे मासेमारी करणाऱ्या गावांच्या सहकारी संस्थांची संमती लागावी. आणि पैसा सर्वसाधारण तिजोरीत जाऊ नये. टेक्ससने आपल्या सागरतळाचे उत्पन्न शाळांच्या कायमनिधीत टाकले. मुद्दल राखायचे, उत्पन्न पोरांच्या शिक्षणावर लावायचे. लिस्टर हिल यांचे स्वप्न अखेर त्यांच्या विरोधकांनीच, एका राज्यापुरते का होईना, खरे केले. महाराष्ट्राने असा निधी केला, तर त्यातला ठरावीक वाटा विदर्भ-मराठवाड्याच्या शाळांना द्यावा. बीडच्या मुलाचा जो हक्क मी वर मान्य केला, तो मला नुसता बोलण्यापुरता मान्य नाही.

हे अशक्य आहे काय? अनुच्छेद 297 बदलायला निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मान्यता लागत नाही. ते कलम त्या यादीत येत नाही. 1963 आणि 1976 साली संसदेने ज्या वाटेने ते वाढवले त्याच वाटेने ते कमीही करता येईल. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशा आणि पश्चिम बंगाल या नऊ किनारी राज्यांचे लोकसभेतले खासदार मोजले तर 251 होतात. यांना एका टेबलाशी बसवणारा विषय दुसरा क्वचितच असेल. टेक्सस आणि कॅलिफोर्निया एरवी कोणत्या बाबतीत एकत्र येतात? समुद्राखालच्या जमिनीसाठी आले होते.

मात्र घटनादुरुस्तीची वाट पाहत बसायचे कारण नाही. एक काम राज्याला आजच करता येईल. मासेमारी राज्याचा विषय आहे, 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा राज्याचा आहे, खाते राज्याचे आहे. झाईपासून तेरेखोलपर्यंत प्रत्येक गावाच्या कवी, रापणीच्या जागा, खडपे, अंडी घालायच्या जागा नकाशावर घ्याव्यात. गावातल्या जुन्या तांडेलांना बोटीवर सोबत घ्यावे, त्यांनी बोट दाखवावे, यंत्राने अक्षांश-रेखांश टिपावे, वहीत नाव लिहावे. त्या नोंदीने मालकी मिळणार नाही. पण उद्या दिल्लीत कोणी कोऱ्या निळ्या नकाशावर चौकोन आखायला बसला, तर त्या चौकोनात सातपाटीची कोणती कव येते आणि तिथे कोणत्या घराचे जाळे लागते, हे त्याच्यासमोर लिहिलेले असेल.